अकरा छापांची गिरणी

ठराव साडेचार ओळींचा होता. ओमने तो एका दमात वाचून टाकला. रिहे खोरे भातगिरणी प्रायव्हेट लिमिटेडच्या कंपनी सचिव नम्रता ओव्हाळ यांना, कंपनीच्या शेअरांची खरी मालकी कोणाची याची माहिती सरकारी निबंधकाला देण्यासाठी जबाबदार व्यक्ती म्हणून नेमण्यात येत आहे.

टेबलाभोवती कंपनीचे तिन्ही संचालक होते. ओम ढमाले, वय पस्तीस. त्याचे वडील कोंडाजी, ज्यांना सगळं खोरं आबा म्हणतं. आणि आई रत्नाबाई, ज्या संचालक असल्या तरी सभेला येताना निवडायची भाजी बरोबर आणत. आज त्यांच्यासमोर परातीत पावटा होता.

"म्हंजी हिनं करायचं काय?" शेंग सोलता सोलता रत्नाबाईंनी विचारलं.

"काही नाही गं आई. सरकारने विचारलं की ही कंपनी कोणाची, तर हिने सांगायचं."

"आन् ते सरकारला म्हाईत न्हाई व्हय?"

आबा हसले. "अगं, तलाठी हाय ती आता. कंपनीची तलाठी. रानाचा सातबारा असतो, तसा ह्यो शेअरचा सातबारा." मग नम्रताकडे वळून म्हणाले, "काश्याची नात तलाठी झाली बघ. तुजा आजा असता तर नाचला असता."

पेढे वाटले गेले. नम्रताने एक खाल्ला, एक रुमालात बांधला. ती एकोणतीस वर्षांची होती. रिह्याहून पिरंगुट, पिरंगुटहून कोथरूड अशी सात वर्षं बसने येजा करत, एका सल्लागाराच्या कचेरीत काम करत करत तिने कंपनी सचिवाची परीक्षा काढली होती. एवढ्याशा कंपनीला सचिव ठेवण्याची कायद्याने सक्ती नव्हती. पण पुण्यातली तांदूळ निर्यात करणारी एक कंपनी गिरणीचे साठ टक्के शेअर घ्यायला तयार झाली होती, आणि घर नीटनेटकं दिसावं म्हणून ओमने दोन महिन्यांपूर्वी तिला नेमलं होतं. गावातलीच मुलगी, शिवाय तिचे वडील गिरणीतच कामाला. सगळ्यांना ते सोयीचं वाटलं. तिलाही.

सभा संपल्यावर ओमने एक कागद पुढे सरकवला.

"पुण्याच्या लोकांना हे हवंय. तुझ्या नवीन पदाच्या सहीने. सोमवारपर्यंत."

कागदावर लिहिलं होतं: कंपनीचे दहा हजार शेअर आहेत. त्यांपैकी नऊ हजार कोंडाजी ढमाले यांच्या आणि एक हजार रत्नाबाई ढमाले यांच्या नावावर आहेत. या शेअरांमध्ये या दोघांखेरीज अन्य कोणाचाही कसलाही हितसंबंध नाही, अशी मी खात्री करून घेतली आहे.

"खात्री करून घेतली आहे," नम्रताने शेवटचे शब्द वाचले.

"फॉरमॅट आहे तो," ओम म्हणाला. "सही कर आणि स्कॅन करून पाठव."

"सोमवारपर्यंत आहे ना? मग खात्री करते," ती म्हणाली. ओमला तो विनोद वाटला असावा, कारण तो हसला.

त्या दिवशी बुधवार होता.

*

कचेरी वरच्या मजल्यावर होती आणि गिरणी खाली. कार्तिकात भात झोडून झालं की पहिले सात दिवस ही गिरणी बाहेरच्या कोणाचं भात घेत नसे. ते छापाचे दिवस. खोऱ्यातल्या अकरा घरांचं भात आधी भरडलं जायचं, त्याची मजुरी घेतली जायची नाही, आणि वर प्रत्येक घराला गिरणीच्या तांदळाचं एक पोतं मिळायचं. वाट्याचं पोतं. गेल्या सोळा वर्षांत यात खंड पडला नव्हता. आबा स्वतः उभे राहून ती पोती गाडीत चढवत.

नम्रता खाली उतरली तेव्हा तिचे वडील जयवंत पॉलिशच्या यंत्रापाशी उभे होते. भुवया, मिशा, कान, सगळं कोंड्याने पांढरं. शेजारी दोन बायका पोत्यांवर छाप मारत होत्या. पत्र्यात कोरलेली आकृती पोत्यावर धरायची, काळ्या रंगात बुडवलेला बोळा तिच्यावर थोपटायचा, पत्रा उचलायचा. खाली बैल उमटतो. किंवा विळा, चंद्र, तुळस, मोर. गिरणी निघाली तेव्हा अकरा घरांपैकी सहांना वाचता येत नव्हतं. म्हणून पौडच्या पत्रेवाल्याकडून आबांनी हे छाप करून घेतले होते.

छाप भिंतीवर खिळ्यांना टांगलेले असत. नम्रता शाळेच्या वयापासून ती भिंत बघत आली होती. आज तिने खिळे मोजले. एका ओळीत दहा. अकरावा खिळा दाराच्या पलीकडे, एकटा. त्यावर पिंपळपान. ते तिच्या घरचं. एकदा तिने बापाला विचारलं होतं, आपलं पान तिकडे का. तेव्हा उत्तर मिळालं होतं की इकडे जागा नव्हती. दहाव्या खिळ्यानंतर दारापर्यंत चांगली दोन हात भिंत मोकळी होती. आजही होती.

तर भिंतीवर अकरा, आणि वरच्या मजल्यावरच्या रजिस्टरात दोन.

कायदा याबद्दल काय म्हणतो ते तिला तोंडपाठ होतं. शेअर एकाच्या नावावर असेल आणि त्यातला हक्क दुसऱ्याचा असेल, तर दोघांनीही तसं कंपनीला लेखी कळवायचं. कंपनीने ते निबंधकाला कळवायचं. आणि ज्याने कळवलं नाही त्याला पुढे तो हक्क बजावून मागता येत नाही. परीक्षेसाठी तिने हे कलम तीन वेळा पाठ केलं होतं, आणि तिन्ही वेळा तिला ही भिंत आठवली नव्हती. कायदा पुस्तकातल्या कंपन्यांसाठी असतो, गावातली गिरणी ती गिरणीच, असं तीही धरून चालली होती.

"काय मोजतीस गं?" जयवंतांनी यंत्राच्या आवाजावरून ओरडून विचारलं.

"खिळे."

"बरं झालं. तेवढंच राह्यलं व्हतं मोजायचं."

*

संध्याकाळी जेवणाआधी तिने घरात विषय काढला. केशरबाई, तिची आजी, तांदूळ पाखडत होती. तिला पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं नाही. गिरणीची हकीकत तिलाच सगळ्यांत नीट माहीत होती.

त्या वेळी खोऱ्यात गिरणी नव्हती. भात टेम्पोने बाहेर न्यायचं आणि निम्मी कणी घेऊन परतायचं. दोन हजार आठ साली आबांनी आपल्या वस्तीशेजारची पडीक जागा दिली, आणि आणखी नऊ घरांनी पैसे घातले. काशिनाथ ओव्हाळकडे पैसे नव्हते. जागेवर काळा पाषाण होता. पाया खणायला बाहेरचे मजूर येईनात, दोन दिवसांत कुदळी टाकून निघून गेले. काशिनाथ म्हणाला, पैका न्हाई, पाया मी देतो. त्याने चाळीस दिवस सुरुंग लावले, दगड काढला, एक रुपया घेतला नाही.

"चाळीस न्हाई, एक्केचाळीस," केशरबाई म्हणाली. "येका दिवशी ताप व्हता, तरी गेला. मग आबानं समद्यांच्या देखत सांगितलं, अकरावा वाटा काश्याचा."

कंपनी नोंदवायला अकराही जण जीपमध्ये दाटीवाटीने बसून पुण्याला गेले. नोंदणी करून देणाऱ्याने प्रत्येकाकडे पॅनकार्ड मागितलं. ते फक्त आबांकडे होतं आणि आधीच्या कसल्याशा व्यवहारामुळे रत्नाबाईंकडे. बाकीच्यांची कार्डं काढायची तर महिना गेला असता. हंगाम तोंडावर होता. दहाही जण बाहेर वडापावच्या गाडीवर उभे होते. आबांनी येऊन विचारलं, काय करू. सगळे एका सुरात म्हणाले, तुमचं लावा.

"एक नाव लागतंया," केशरबाई म्हणाली. "बाकीची मानसं असत्यातच की."

"आई, ते सगळं खरं हाय," जयवंत म्हणाले. मग मुलीकडे बघून, "पन तू सही करून मोकळी हो. वाट्याचं पोतं दर साली घरी येतुया का न्हाई? आबा शब्दाला लई पक्का हाय."

"आबा किती वर्षांचे आहेत, दादा?"

"असतील अडुसष्ट."

"आणि साठ टक्के पुण्याच्या लोकांकडे गेल्यावर पोतं कोण चढवेल गाडीत?"

केशरबाईने सूप दोनदा झटकलं.

"ह्याच्यात तुजी नोकरी जाती का?" तिने विचारलं.

"जाऊ शकते."

"मग इचार करून कर," म्हातारी म्हणाली. "पन आमच्यासाटी करू नगंस. आमी पोत्याबिगर बी जेवलोय."

*

दुसऱ्या दिवशी नम्रताने ओमला सरळ सांगितलं की हा कागद आहे तसा सही करता येणार नाही.

ओम चिडला नाही. त्याला चिडण्यापेक्षा समजावण्याची सवय होती. त्याने दार लावलं, खुर्ची तिच्याजवळ ओढली.

"नम्रता, ती भेट आहे. बाबांचा मोठेपणा आहे तो. दिवाळीला आपण मिठाई देतो, तसं पोतं देतो."

"मग छाप कशाला, ओमदादा?"

"पोती ओळखायला."

"मिठाईच्या खोक्यावर आपण आपलं नाव घालतो. इथे घेणाऱ्याची खूण सोळा वर्षं देणाऱ्याच्या भिंतीवर आहे."

ओमने आवाज खाली आणला, आणि पुढचं जे बोलला ते खोटं नव्हतं.

"तू सगळं बरोबर बोलतेस असं धरून चालू. अकरा घरं टेबलाशी बसली की काय होणार, तुला सांगायला नको. एकजण म्हणेल आधी माझ्या बांधाचं मिटवा. दुसरा म्हणेल तो असेल तर मी नाही. पुण्याची माणसं दुसऱ्याच दिवशी निघून जातील. पुढच्या वर्षी पिरंगुटला मोठी गिरणी सुरू होतेय, काळा दाणा मशीनच वेचून काढणार. आपलं हे जुनं यंत्र तिच्यापुढे एक हंगाम टिकणार नाही. मग तुझ्या अकरा छापांचं काय लोणचं घालायचंय?"

"ते अकरा घरांनी ठरवायचं ना. कदाचित विकायला हो म्हणतील."

"आणि एक," ओम म्हणाला. "त्यात तुझं घरही आहे. तेही पैसे न घालता. उद्या लोक म्हणतील, सचिव झाली आणि पहिलं काम काय केलं, तर आपल्या घराचा वाटा काढला."

हे मात्र तिला लागलं. कालपासून तेच तिच्या मनात घोळत होतं आणि आता ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना जास्त खरं वाटत होतं.

"तुला जमत नसेल तर हरकत नाही," ओम उठत म्हणाला. "सचिव नसेल तर आम्ही संचालकच जबाबदार धरले जातो. कायद्यात सोय आहे."

"त्यासाठी आधी सचिवाची जागा रिकामी व्हावी लागेल."

"मला माहीत आहे," ओम म्हणाला आणि दार उघडून दिलं.

जागेवर येऊन तिने एक हिशेब केला, पैशांचा नव्हे. दहा घरांची नावं घ्यायची आणि अकरावं सोडायचं, तर कोणी बोट ठेवणार नाही. उलट लोक म्हणतील, पोरगी सरळ आहे. ओमचाही निम्मा मुद्दा गळेल. फक्त रजिस्टर खोटं होईल. आजवर ते दहा नावांनी खोटं होतं, मग एका नावाने खोटं राहील, आणि ते एक नाव तिने स्वतःच्या हाताने, लोकलाजेपोटी गाळलेलं असेल. तिला ज्या कामासाठी नेमलं होतं त्यात संकोचाला सवलत नव्हती.

तिने संचालक मंडळाच्या नावे अर्ध्या पानाचं पत्र लिहिलं. शेअरांवर ज्यांचा हक्क असण्याची शक्यता आहे अशा घरांमध्ये माझं घरही आहे. म्हणून त्या एका घराबाबतचा कोणताही मजकूर मी लिहिणार नाही वा तपासणार नाही, तो संचालकांनी लिहावा आणि संचालकांनीच साक्षांकित करावा. सही, तारीख. एक प्रत ओमच्या टेबलावर ठेवली. दुसरी पिशवीत घातली.

घरी जाताना ती गिरणीतून गेली आणि दारापलीकडच्या खिळ्यावरचं पिंपळपान काढून घेतलं. जयवंतांनी पाहिलं. त्यांनी यंत्र बंद केलं आणि अंगावरचा कोंडा झटकत उभे राहिले.

*

शनिवारी सकाळी आबा ओसरीवर पेपर वाचत होते. घर चांगलं दुमजली, वरच्या खोल्यांत पिरंगुटच्या कारखान्यातले भाडेकरू. रत्नाबाई पायरीवर बसून लसूण सोलत होत्या. नम्रताने शेअरांतला हक्क कळवायचे कोरे फॉर्म काढले आणि काय हवंय ते सांगितलं. थोडक्यात, कलमांची नावं न घेता.

आबांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला.

"म्हंजी माज्यावर इस्वास न्हाई."

"तसं नाही आबा."

"तसंच हाय. सोळा सालं येक दाना कुनाचा कमी दिला न्हाई मी. पोतं मी सोता चढिवतो. आन् आता तू काल आलेली पोर मला म्हनतीस लिवून द्या. कशाला? मी काय पळून चाललोय?"

"तुम्ही नाही आबा. पण शेअर पळू शकतात."

"आगाव हाईस."

"हाय थोडी."

"काश्या असा न्हवता. काश्या शब्दावर चालायचा. आमच्यात शब्द म्हंजी..."

"शब्द म्हंजी काय व्हो?" रत्नाबाईंनी मान वर न करता विचारलं.

"तू मधी बोलू नगंस."

"का? मी बी डायरेक्टर हाय. त्या दिशी पेढा खाल्लाय मी." त्यांनी लसणाची पाकळी वाटीत टाकली. "तुमच्या थोरल्या चुलत्याचं नाव सातबाऱ्याला लागलं, तवा तुमच्या वडलांनी काय म्हनलं व्हतं?"

आबांनी बाजूचा पेपर पुन्हा उचलला.

"सांगा की पोरीला. न्हाईतर मी सांगते. नम्रता, ह्यांचा थोरला चुलता एकत्र कुटुंबाचा म्होरक्या म्हनून लागला कागदावर. येकट्याचं नाव. ह्यांचे वडील म्हनले, भाऊच हाय, कुटं जातुया. त्यो सज्जनच व्हता गं, लई सज्जन. मेल्यावर त्याच्या पोरांची नावं चढली, आन् ह्यांचा बाप सातबाऱ्यात कुटंच न्हाई. माजं लगीन झालं तवापास्नं चौदा वरसं ह्ये पौडच्या कचेरीत फेऱ्या मारीत व्हते. डबा मी बांधून द्यायची. आर्धं मिळालं. आर्धं अजून चुलतभावाकडं हाय. आन् ह्ये मला सांगत्यात, शब्द."

वरच्या मजल्यावर कोणीतरी बादली सरकवली.

"ते येगळं व्हतं," शेवटी आबा म्हणाले.

"काय येगळं व्हतं?"

थोरला चुलता वाईट माणूस असता तर वेगळं काय ते सांगणं सोपं होतं.

"घे लिवून," ते म्हणाले.

त्यांनी नावं सांगितली ती छापांच्या क्रमाने, भिंत डोळ्यांसमोर आणून. बैल आमचा. विळा कैलासच्या बापाचा, तो वारला, आता कैलास आन् त्याच्या दोन भैनी. भैनींची बी नावं लिव, न्हाईतर पुन्हा त्येच. चंद्र. तुळस. मोर. कोणी किती पैसे घातले ते त्यांना रुपयापर्यंत आठवत होतं. नम्रता लिहून घेत होती. चार माणसं आता हयात नव्हती, त्यांचे वारस निश्चित करायला आणखी फेऱ्या लागणार होत्या. उशिरा कळवल्याबद्दल कंपनीला दंड बसणार होता. तेही तिने सांगितलं. आबांनी मान हलवली.

"झालं," दहाव्या नावानंतर ते म्हणाले. "घोडा शेवटचा."

नम्रताने पेन खाली ठेवलं. तिला वाटलं होतं ते म्हणतील. न विचारता म्हणतील.

मधल्या काळात ओम येऊन दारात उभा राहिला होता. हातात तिचं अर्धं पान होतं.

नम्रताने पिशवीतून पत्र्याचा छाप काढला आणि ओसरीवर आबांसमोर ठेवला. रंगाचे थर बसून बसून पिंपळपानाच्या कडा जाड झाल्या होत्या.

"आबा, हा कोणाचा?"

आबांनी छापाकडे पाहिलं. मग अंगणाकडे. मग पुन्हा छापाकडे.

"त्यानं पैका न्हवता घातला," ते म्हणाले. आवाज मघासारखा नव्हता.

"मग छाप का केला?"

"पाया त्यानं खणला."

"ते मोजलं जातं का, हे मी नाही सांगू शकत. माझंच घर आहे. तुम्ही जे म्हणाल तेच कागदावर जाईल. नाही म्हणालात तर नाही असंही जाईल, आणि मी त्यावर एक शब्द बोलणार नाही." तिने छाप बोटभर पुढे सरकवला. "फक्त विचारलंच नाही, असं मला ठेवायचं नव्हतं."

"बाबा," ओम दारातून म्हणाला, "याला काही पुरावा नाही. कोर्टात टिकणार नाही."

"कोर्टात कोन चाललंय?" आबा म्हणाले. "समदे असताना मीच बोललो व्हतो, अकरावा वाटा. गिरणीत पयला नारळ फोडला तवा. तू कालिजात व्हतास." ते छापाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले. "मला वाटलं, पोतं देतोय म्हंजी झालं. पोत्याकडं बघून मला रातीला झोप लागायची."

त्यांनी हात पुढे केला. "आन तो कागद. लिव तू, मी सही करतो."

"हा मी नाही लिहिणार," नम्रता म्हणाली. "पत्रात लिहिलंय तसं. हा तुम्ही लिहायचा, तुमच्या हाताने. काकींनी साक्ष करायची."

आबांचं शिक्षण सातवीपर्यंतचं. सही सफाईदार, पण सहीखेरीज काही लिहून त्यांना वर्षं झाली होती. चष्मा लावून त्यांनी फॉर्म मांडीवर पाटावर घेतला. नम्रताने रकाना दाखवला आणि ती मागे सरकून बसली. आबांनी सावकाश अक्षरं काढली. केशरबाई. मग पेन थांबलं.

"म्होरं नवऱ्याचं नाव," ते म्हणाले. "काश्या लिवून चालंल का?"

"पूर्ण नाव लागतं, आबा."

"पुरं काय त्याचं?"

हा प्रश्न त्यांनी साधेपणाने विचारला आणि विचारल्यावर त्यांच्या लक्षात आलं. एकाच शिवारात दोघांचा जन्म. एक्केचाळीस दिवस तो माणूस त्यांच्या जागेत दगड फोडत होता, आणि दुपारची भाकरी दोघांनी एकाच चिंचेखाली, चार हातांवर बसून खाल्ली होती. नंतर आठ वर्षं, तो जाईपर्यंत, त्यांनी त्याच्या दारात पोतं पोचवलं होतं. रत्नाबाईंचे हात लसणावर थांबले होते.

"काशिनाथ," नम्रता म्हणाली. "काशिनाथ गेनू ओव्हाळ."

"काशिनाथ," आबा पुटपुटले. त्यांनी ते लिहिलं. 'थ' दोनदा गिरवावा लागला. मग ओव्हाळ. मग हक्काच्या कारणाच्या रकान्यात, कोणीही न सांगता, त्यांनी आपल्याच शब्दांत लिहिलं: पाया खणला, दिवस चाळीस.

"एक्केचाळीस," नम्रता म्हणाली, आणि लगेच तिने ओठ मिटले. यावर बोलणार नाही असं ती म्हणाली होती.

आबांनी तिच्याकडे चष्म्यावरून पाहिलं, चाळीस खोडलं, वर एक्केचाळीस केलं आणि खाडाखोडीशेजारी सही मारली.

रत्नाबाईंनी पदराला हात पुसले आणि साक्षीची सही केली. कागदाला लसणाचा वास लागला.

ओम अजून दारातच होता. त्याने खिशातून फोन काढला, पुण्याचा नंबर शोधला आणि लावण्याआधी विचारलं, "नक्की किती घरं सांगू त्यांना?"

प्रश्न नम्रताला होता. ते सांगण्यासाठीच तिची नेमणूक झाली होती.

"अकरा," ती म्हणाली. "आणि एक महिना मागून घे, ओमदादा. वारसांच्या सह्या व्हायच्यात."

ओमने तिच्याकडे पाहिलं. सोमवारी आपली खुर्ची असेल की नाही हे त्या नजरेवरून तिला कळलं नाही. तो अंगणात गेला आणि बोलत बोलत फाटकापर्यंत चालत राहिला. आबांनी छाप उचलला, त्यावरचा सुटलेला रंगाचा पोपडा नखाने काढला आणि तो तिच्या हातात दिला.

"जयवंताला म्हनावं, आज छापाचा शेवटचा दिस हाय," ते म्हणाले. "तुमचं भात अजून भरडायचं राह्यलंय."